गाडी खाली ठेवून चालणारे पास्कलकाका

ओमानमधल्या अल् खुवैरमध्ये रस्त्याने कोणी चालताना दिसलं की लोक गाडी थांबवतात. त्याची गाडी बंद पडली असणार, याखेरीज चालण्याचं दुसरं कारण त्यांना सुचत नाही. आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहणारे पास्कलकाका रोज संध्याकाळी धडधाकट गाडी खाली ठेवून चालायला निघत आणि रोज तीन-चार ओमानी त्यांच्या मदतीला येत.

"सय्यारा खराब?" खिडकीतून विचारणा होई. गाडी बिघडली का?

"सय्यारा ठीक, मैं खराब," काका नम्रपणे सांगत.

समोरचा हसे किंवा काळजीत पडे. दोन्ही वेळा पाण्याची बाटली पुढे करी. काका लिफ्ट नाकारत, पाणी कधीच नाही. "नको म्हटलं की त्याला वाईट वाटतं, मास्तर." मी इथल्या शाळेत शिकवतो, म्हणून मास्तर.

काका वसईचे, रस्ते बांधणाऱ्या कंपनीत सर्व्हेअर. नव्या हमरस्त्यांनी गिळलेले जुने रस्ते हुडकणं हा त्यांचा छंद. पेट्रोल पंपामागे उरलेला शंभर पावलांचा डांबरी तुकडा, रुस्ताककडे जाताना ओढ्याच्या कोरड्या पात्रात उतरून तिथेच संपलेला रस्ता, सगळे त्यांना पाठ. हिरवळीच्या जागाही पाठ, आणि त्यांना नावं वसईची. राऊंडअबाउटवरचं गवत म्हणजे पापडी, कार्यालयांमागचे तीन कडुलिंब म्हणजे गिरीज. व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवणं त्यांना कमीपणाचं वाटे. नव्याने आलेल्या एका मराठी कुटुंबाला त्यांनी फोनवर पत्ता दिला, "पापडीला वळसा घाला, गिरीज डावीकडे सोडा." ते पोचले तेव्हा आमची जेवणं झाली होती.

मग काका निवृत्त झाले. नोकरी संपली की इथला व्हिसाही संपतो. दोन महिने हातात होते. सगळे विचारत, सामान पाठवलंत का? काकांना चिंता वेगळीच होती. आपल्यामागे रोज चालणारा एक तरी माणूस त्यांना तयार करून जायचा होता. का, ते सांगत नसत. त्यांनी चर्चमध्ये विचारलं, आमच्या गणपतीतही विचारलं.

"काका, मी जिमला जातो ना," एकजण म्हणाला.

"जिमला कसा जातोस?"

"गाडीने."

"खलास," काका म्हणाले आणि मोदकाकडे वळले.

शेवटी मी उरलो. "तुम्ही पुस्तकवाले. तुम्हाला सावकाश जमतं. यल्ला, चला."

शाळेच्याच बुटांत मी निघालो. पापडी, गिरीज. तोवर चार बाटल्या जमल्या. मी एक उघडायला लागलो.

"पिऊ नका."

पुढे सिमेंटचे ठोकळे टाकून वाट बंद केलेली होती. गाडी जाणं शक्यच नव्हतं. आम्ही ठोकळ्यांमधून पलीकडे गेलो. भेगाळलेला जुना रस्ता आणि त्याच्या कडेला एकच कडुलिंब. रस्ता तोडला तेव्हा झाडांना पाणी देणारा पाइपही तुटला होता. काकांनी एकेक बाटली उघडली आणि बुंध्याशी हळूहळू रिकामी केली.

"इथे रोझीची हॉस्पिटलची व्हॅन थांबायची. ड्युटीवरून आली की बाटलीत उरलेलं पाणी ती याला घालायची. तेव्हा हे तिच्या गुडघ्याएवढं होतं."

रोझी म्हणजे त्यांची बायको. मी तिला फक्त त्यांच्या हॉलमधल्या हार घातलेल्या फोटोत पाहिलं होतं.

"घरून कॅन का नाही आणत?"

"उचलवत नाही आता." मग झाडाकडे पाहत म्हणाले, "शिवाय कॅन घेऊन येणारा आठ दिवस येईल. चालणाऱ्याला मात्र रोज कोणी ना कोणी देतंच."

तुम्ही याल का, असं त्यांनी विचारलं नाही. विमानतळावरही नाही. तिथे एवढंच म्हणाले, "मास्तर, ते बूट तेवढे बदला."

बूट मी त्याच आठवड्यात बदलले. काका वसईहून दर रविवारी फोन करत. तब्येत, पाऊस, मासळी, सगळं बोलून झाल्यावर विचारत, "आज किती?" मी बाटल्यांचा आकडा सांगे.

यंदा एका मंगळवारी त्याच नंबरवरून फोन आला. त्यांचा मुलगा बोलत होता. पहाटे झोपेतच गेले, म्हणाला.

संध्याकाळी मी नेहमीसारखा निघालो. पापडीपाशी एक पांढरी पिकअप हळू झाली. आत म्हातारे ओमानी गृहस्थ होते.

"सय्यारा खराब?"

"सय्यारा ठीक," मी म्हणालो. "मैं खराब."

ते हसले नाहीत. त्यांनी दोन बाटल्या दिल्या.