मुठीकडचं नाव

करंबवलीत मृत्यूची नोंद सुरी फेकून करतात. ग्रामपंचायतीच्या भिंतीला फणसाची फळी ठोकलेली आहे आणि तिच्यापासून बारा फुटांवर पांढरी रेघ आहे. सुरीच्या टोकाकडे मयताच्या नावाची चिठ्ठी बांधायची, मुठीकडे अर्जदाराच्या नावाची, आणि सुरी हवेत न फिरवता सरळ फेकायची. जी बाजू फळीला आधी लागेल, त्या बाजूचं नाव ग्रामसेवक बोऱ्हाडे भाऊसाहेब मृत्यूच्या वहीत चढवतात. मुदत एकवीस दिवसांची. ती उलटली तर दोन्ही नावं चढतात, म्हणून टंगळमंगळ कोणी करत नाही.

लोकांना फेक शिकवण्यासाठी पंचायतीने मला नेमलं आहे. मी पूर्वी शाळेत पी.टी. घ्यायचो. माझ्या हाताखालून गेलेल्यांत एकदाच मूठ लागली, तुकाराम धुमकची. तो रेघेवर खाली बसला तो उठलाच नाही, आणि त्याचे वडील, ज्यांना पंधरा दिवसांपूर्वी आम्हीच पोहोचवून आलो होतो, पंचायतीच्या दारात येऊन चहा मागू लागले. अजून मागतात. त्यानंतर ठराव झाला की मुद्दाम मूठ लावणं हा गुन्हा आहे, आणि फेकीच्या वेळी शिक्षकाने शेजारी उभं राहून 'मनगट' असा एक शब्द उच्चारावा.

कारण सगळी गोम मनगटात आहे. मूठ आवळायची नाही, तर्जनी पात्याच्या पाठीवर सरळ ठेवायची. जोर टाचेतून निघतो, कमरेतून खांद्यात येतो आणि हात फडताळात डबा मागे सारावा तसा सरळ पुढे जातो. बोटं मुठीवरून घसरत सुटतात. मनगट लाकडासारखं राहिलं तर सुरी फिरत नाही. आमच्या बायकांचं मनगट मात्र भाकरी तव्यावर टाकताना जसं वळतं तसंच इथेही वळतं. चाळीस वर्षांची भाकरी तीन आठवड्यांत हातातून काढायची, हे माझं काम. लोकांना ते सोपं वाटतं.

भागीरथी घवाळी चौसष्ट वर्षांची. तिची सून प्रणाली चार दिवसांच्या तापात गेली. मागे चार वर्षांची मुलगी. मुलगा जहाजावर, त्याला मुदतीत येणं शक्य नव्हतं, म्हणून अर्ज म्हातारीच्या नावाने झाला.

पहिल्या दिवशी तिने सुरी छपरावर फेकली. मी म्हणालो, "मावशी, नोंद कावळ्याची नाही करायची."

ती हसली नाही. रोज सकाळी यायची, पदर खोचायची आणि दोनशे वेळा फेकायची. मी 'मनगट' म्हटलं की तिचा हात आपोआप ताठ व्हायचा. पंधराव्या दिवशी सगळ्याच्या सगळ्या फेकी टोकावर लागल्या. इतका गुणी विद्यार्थी मला शाळेतही मिळाला नव्हता, आणि मी तसं चारचौघांत बोलूनही दाखवलं.

सतराव्या दिवशी भाकरी परत आली. सुरी अर्धी फिरली, मूठ फळीवर आपटली. पुन्हा तेच. चिठ्ठ्या बांधलेल्या नव्हत्या, तरी मी फळीपाशी जाऊन मुठीची खूण पाहिली. दहाव्या वेळी मूठ बरोबर त्याच जागी लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही चूक नाही, सराव आहे.

"मावशी, हा गुन्हा आहे."

"असूंदे. पकडणार कोणाला?"

ठरावात त्याची तरतूद नाही.

"भाऊसाहेबांना सांगावं लागेल मला."

"सांगा. पोर माझ्या हातचं खात नाय, गुरुजी. शेजारीण दूध पाजते तेवढंच. दिवसभर दाराकडं तोंड करून बसते."

"भूक लागली की खाईल."

"सतरा दिवस हेच म्हणतेय मी तिला."

मला तिचा फार राग आला. घरी गेल्यावर कळलं की तो राग नव्हता, भीती होती. शब्द माझा होता. मी 'मनगट' म्हटलं की तिची इच्छा असो वा नसो, तिचा हात ताठ होणार. तसं मीच तिला घडवलं होतं. भाऊसाहेबांना मात्र मी काही सांगितलं नाही.

एकविसाव्या दिवशी अकरा वाजता भाऊसाहेबांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी रेघेपाशी उभा राहिलो. भागीरथीने चिठ्ठ्या दोनदा चाचपल्या. डावा पाय पुढे टाकला. टाच उचलली, कंबर वळली, खांदा आला. सगळं माझ्या शिकवण्याप्रमाणे. हात कानाजवळून पुढे निघाला. आता बोलायचं होतं. शब्द जिभेवर होता आणि माझे दात त्यावर घट्ट बसले होते.

मनगट वळलं. मूठ फळीवर आपटली आणि सुरी खाली पडली.

"बरोबर लागली ना?" भागीरथीने विचारलं.

"बरोबर लागली," मी म्हणालो.

ती रेघेवर बसली, गुडघ्यांवर डोकं टेकवलं आणि संपली. मला रडू आलं. भाऊसाहेबांनी ते संपेपर्यंत वाट पाहिली.

"गुरुजी, शब्द राहिला."

"राहिला."

"विसरलात असं लिहू?"

"तसं लिहा."

त्यांनी लिहिलं. मग दारात चपला वाजल्या. प्रणाली आली होती, कडेवर मुलगी. मुलगी बिस्किट खात होती. प्रणालीने फळीकडे पाहिलं, सुरीकडे पाहिलं, मग सासूकडे. ती खाली वाकली आणि म्हातारीचा खोचलेला पदर सोडवून तिच्या डोक्यावर घेतला.

"मयताशी नातं?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सून."

"सही करा इथे."

तिने सही केली, पण पेन परत दिलं नाही. "रोज माझ्याशी भांडायच्या," ती म्हणाली. "तेही लिहा."

"त्याला रकाना नाही, बाई."

"मग शेऱ्यात लिहा."

भाऊसाहेबांनी तिच्या हातातून पेन घेतलं आणि शेऱ्यात लिहिलं: मयत सुनेशी रोज भांडत असे.