अण्णांच्या झाडाची नववी फांदी

चिन्मय आणि गार्गी,

परवा व्हिडिओ कॉलवर माझ्यामागचा जुना कॉम्प्युटर पाहून तुम्ही दोघं पोट धरून हसलात. नवीन लॅपटॉप पाठवतो, तो डबा भंगारात दे, असं तुमचे बाबाही म्हणाले. मी नुसतं 'बघू' म्हटलं. तो मी देणार नाही. दिला तर मागच्या गल्लीतल्या एका माणसाचं मोठं नुकसान होईल. ते कसं, हे फोनवर सांगायला गेलं की मध्येच तुम्हाला खेळायला जायचं असतं. म्हणून लिहिते.

त्या माणसाचं नाव नागनाथअण्णा. अख्ख्या मुरुम गावात हा एकच माणूस कुणालाही 'कसे आहात?' असं विचारत नाही. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "समोरचा 'बरं हाय' म्हणतोय, आपण फुडं जातोय. ज्याचं उत्तर ऐकून आपण जागचं उठणार न्हाय, ते विचारायचं कशाला?" त्यामुळे त्यांचे प्रश्न वेगळेच. "बाई, गुडघा जिना चढताना दुखतो का उतरताना?" एका लग्नात त्यांनी मुलीच्या बापाला नमस्कारही न करता विचारलं, "पाण्याचा दुसरा टँकर निघाला का?" तो निघाला नव्हता.

मी ज्या शाळेत इंग्रजी शिकवलं, तिथली कॉम्प्युटरची खोली अण्णांकडे. संस्थेच्या आणखी दोन शाळा आहेत, लोहाऱ्याला आणि येरमाळ्याला. तिथलं काही बिघडलं की अण्णांना बोलावणं. एकदा ते एसटीने येरमाळ्याला गेले, भिंतीवरचं बटण दाबलं आणि परत आले. सगळा दिवस गेला. त्याच आठवड्यात त्यांनी ठरवलं की तिन्ही शाळांच्या कॉम्प्युटरची विचारपूस मुरुमात बसून करायची.

आता दूरच्या यंत्राला काहीही विचारून चालत नाही. काय विचारायचं, तो प्रश्न कितव्या क्रमांकाचा आणि उत्तर कोणत्या शब्दांत यायचं, हे आधी ठरवून ठेवावं लागतं. त्या रचनेला मॅनेजमेंट इन्फर्मेशन बेस असं भारदस्त नाव आहे. अण्णा 'झाड' म्हणतात. मुरुम ही पहिली फांदी, लोहारा दुसरी, येरमाळा तिसरी. फांदीवर कॉम्प्युटर, कॉम्प्युटरखाली त्याचे प्रश्न. प्रत्येक प्रश्नाचा अर्थ एका ओळीत इंग्रजीत लिहायचा असतो, म्हणून वही घेऊन ते माझ्याकडे यायचे. माझा घरचा कॉम्प्युटरही त्यांनीच बसवून दिलेला.

पहिल्याच पानावर प्रश्न होता, 'तू बंद आहेस का?'

मी म्हटलं, "अण्णा, बंद असेल तर तो 'हो' कसा म्हणणार?"

अण्णांनी वहीकडे पाहिलं, वही मिटली आणि चहा न घेता गेले. तिसऱ्या दिवशी आले ते चप्पल काढता काढताच म्हणाले, "बाई, गप ऱ्हाणं बी उत्तरच हाय. तीनदा विचारायचं. तीनदा गप, तर उठायचं."

लोहाऱ्याला उंदीर वायरी कुरतडायचे, म्हणून बिघाडाच्या कारणांत त्यांनी 'उंदीर' हे स्वतंत्र कारण घातलं. मी 'वायर तुटली' एवढं पुरे म्हटलं, तर म्हणाले, "वायर तुटली तर वायर न्यायची. उंदीर असंल तर पिंजरा बी न्यायचा." मी मुकाट्याने इंग्रजीत उंदीर लिहिला. दिलेला क्रमांक पुन्हा दुसऱ्याला द्यायचा नाही, हा त्यांचा आणखी एक नियम. मुरुमातला सात नंबरचा कॉम्प्युटर मोडीत निघाला. नवा आला त्याला एकोणीस मिळाला. तपासणीला आलेले साहेब सात नंबर शोधत बाकाखाली वाकले होते.

एका मंगळवारी मी पहाटेच माझ्या बहिणीबरोबर येरमाळ्याला येडेश्वरीच्या दर्शनाला गेले. दुपारी परतले तर माझ्या दाराचं, ओढलं की आपोआप लागणारं कुलूप निघालेलं, ओट्यावर शेजारच्या बायका जमलेल्या आणि अण्णा स्क्रू पिळून ते परत बसवतायत.

"तीनदा विचारलं, बाई. गप होता."

"कोण गप होता?"

"तुमचा कॉम्प्युटर. रोज सकाळी साडेसातला चालू असतोय."

"अहो, मग फोन करायचा."

"केला की. आत वाजत होता."

फोन मी उशाशीच विसरले होते. तरी मला राग आला. "म्हणजे मलाही झाडावर चढवलंय?"

"फांदी नऊ," अण्णा स्क्रूकडे बघत म्हणाले. "चार ते आठ संस्थेला ठेवल्यात. फुडं शाळा निघाल्या तर."

शाळा निघाल्या नाहीत. या वर्षी संस्थेने बाहेरून तयार यंत्रणा आणली. तिचा माणूस अण्णांचं झाड चाळत उंदरापाशी येऊन खूप हसला. नवव्या फांदीवर सचिवांनी विचारलं, "ही कोणती शाळा?" सगळं झाड काढून टाकायचं ठरलं.

संध्याकाळी अण्णा माझ्याकडे येऊन बसले. त्या दिवशी त्यांनी गुडघ्याचंही विचारलं नाही.

"झाड काढलं, बाई."

"सगळं?"

"नऊ घरी नेली. माझ्या कॉम्प्युटरवर."

मी वही मागितली. नवव्या फांदीवर दोन नावं होती. ९.१ मी. ९.२ ते स्वतः. दोघांखाली एकच प्रश्न, 'चालू आहे का?' अण्णांच्या घरी दुसरं कुणी नाही, हे मला इतकी वर्षं माहीत होतं. तरी विचारलं, "मला तुम्ही विचारता. तुम्हाला कोण विचारतं?"

"कोन न्हाय. नंबर देऊन ठेवलाय नुसता."

"मग माझ्या कॉम्प्युटरवरून तुम्हाला विचारायचं लावून द्या."

"उठावं लागंल, बाई," अण्णा म्हणाले. "गुडघा दुखतोय तुमचा."

"उतरताना दुखतो. तुमच्या घराला जिना नाही."

त्यांनी दुसऱ्या दिवशी लावून दिलं.

आता हे नवीन लॅपटॉपवरही चालेल, असं तुम्ही म्हणाल. चालेल. पण त्याला ९.३ मिळेल, आणि ९.१ गप झाला की अण्णा स्क्रूड्रायव्हर घेऊन दारात उभे राहतील.

शाळेतलं झाड गेलं. नववी फांदी आहे. रोज साडेसातला हा जुना डबा अण्णांना विचारतो, 'चालू' असं उत्तर येतं, आणि मग मी चहा ठेवते.

तुमची आजी