जोडीनं घ्यायच्या गोळ्या

"कसं काय, तात्या?" असं विचारलं, तर आमचे शेजारी दामूतात्या "बरं हाय" म्हणत नसत. ते रक्तदाब सांगत. "वर एकशेऐंशी, खाली शंभर. तेजी हाय!" मखमलाबादच्या मळ्यातला गुलाब जन्मभर फुलबाजारात विकलेला माणूस. भाव सांगितल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे.

ही तेजी काही उतरेना. शेवटी डॉक्टर म्हणाले, "एका गोळीनं भागत नाही, तात्या. या दोन वेगवेगळ्या देतो. रोज सकाळी जोडीनं घ्यायच्या." मी सोबत होतो. तात्यांनी मान डोलावली, जरा जास्तच.

महिन्यानं भाव एकशेनव्वद! डॉक्टर तिसरी गोळी लिहायला निघाले. मला शंका आली. तात्यांच्या घरी जाऊन पाहतो, तर दोन्ही पाकिटं देव्हाऱ्यापुढे, हळदकुंकू वाहिलेली, आणि एकही गोळी काढलेली नाही.

"तात्या, हे काय?"

"एकट्यानं कशा घेनार? जोडीनं सांगितल्यात. सत्यनारायणाला एकटं बसतं का कुनी? पारू येऊ द्या."

पारूवहिनी मालेगावला लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या. लेक नोकरीवाली, म्हणून राहिल्या त्या राहिल्याच. ते बाळ आता दुसरीत होतं.

मी मराठीचा मास्तर. चुकीचा अर्थ कानावर पडला की माझाच रक्तदाब चढतो. "अहो, जोडीनं म्हणजे दोन्ही गोळ्या एकदम! नवरा-बायकोनं नव्हे! डोक्यातली शीर फुटली तर काय करता?" मी ओरडलो आणि समोर उभं राहून दोन्ही गोळ्या गिळायला लावल्या.

तात्यांनी तांब्या खाली ठेवला.

"मास्तर, येवढी मराठी मला बी कळती." ते माझ्याकडे बघत नव्हते. "पन मी ये म्हनलं, की ती म्हनती, पोराचे हाल व्हतील. डॉक्टरचं नाव घेतलं तर येईल. लय दिस झाले हो. तिच्यावाचून करमत नाय."

माझा सगळा राग ओसरला.

कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून मी मालेगावला फोन लावला. तीस वर्षं पोरांच्या वह्यांत तांबड्या शाईनं अर्थ दुरुस्त करणारा माणूस मी.

"वहिनी," मी म्हणालो, "डॉक्टरांनी बजावलंय. नवरा-बायकोनं जोडीनंच घ्यायच्या."