तटाखाली पुरलेले शेजारी

आमच्या मजल्यावरचे इनास अंकल दर वर्षी थंडी सरत आली की दारोदार फिरतात आणि विचारतात, "पुरायला काय देतेस?" नवे भाडेकरू घाबरून दार लावून घेतात. आम्ही जुनी मंडळी मात्र निमूटपणे ड्रॉवर धुंडाळायला लागतो.

अंकल मूळचे वसईचे, राहणार शारजात अल नहदाला, आणि नोकरी एका विद्यापीठाच्या उत्खननात. उत्तर इराकमध्ये अडीच-तीन हजार वर्षांपूर्वीच्या आसिरियन राजांच्या एका शहराचा कच्च्या विटांचा तट हे लोक दर वर्षी थोडा थोडा उकरतात. तंबू, जीप, फावडी, डाळ-तांदूळ हे सगळं अंकलच्या ताब्यात. उघड्या ठेवल्या तर त्या विटा पावसात विरघळतात, म्हणून काम संपलं की खड्डा पुन्हा बुजवायचा. त्याआधी तळाशी आजच्या काळातली एखादी वस्तू ठेवायची रीत आहे. पुढे कुणी खणलं तर कळावं, की इथवर आधी कुणीतरी येऊन गेलंय. बाकीचे लोक एक नाणं टाकून मोकळे होतात. अंकल आमची अख्खी बिल्डिंग घेऊन जातात.

तेव्हा त्या राजांच्या तटाखाली आज माझ्या कुकरची शिट्टी आहे आणि समोरच्या नायरांच्या गाडीची हरवून सापडलेली किल्लीही आहे. एका वर्षी माझ्या मुलीने, इराने, दुधाचा दात दिला. त्यावर तिथल्या प्रोफेसरबाई भडकल्या. "इनास, पुढे कुणीतरी याच्यावर आसिरियन बालक म्हणून थिसिस लिहील!" दात परत आला. "एवढा चांगला दात," अंकल कितीतरी दिवस हळहळत होते.

साइटची सवय घरीही सुटत नाही. बिर्याणीत कुणी बाजूने चमचा खुपसला की ओरडतात, "अरे, वरची लेव्हल आधी! यल्ला, चल, वरून!" त्यांची बॅग फिलोमिना आंटींनी उघडायची नाही, का तर थर बिघडतात. "कसले थर, मळके मोजे आहेत," आंटी म्हणतात. एकदा आमच्याकडे खिळा ठोकायला आले आणि नाण्याने भिंतच खरवडत बसले. क्रीम रंगाखाली पिस्ता निघाला, पिस्त्याखाली गुलाबी. "हे तुम्ही. हा तुमच्या आधीचा मल्याळी पिरियड. आणि ही त्याच्या आधीची फॅमिली, मुलगी असणार घरात." खिळा राहिलाच. माझा नवरा आठवडाभर त्या खरवडीकडे बघून दातओठ खात होता.

मी एकदा विचारलं, "अंकल, हा उद्योग कशासाठी?"

ते हसले नाहीत. "अगं, आपण इथे सगळे भाड्याचे. व्हिसा खलास की सामान उचला. दुसऱ्या दिवशी वॉचमन पेंटरला घेऊन येतो. वीस-वीस वर्षं राहिलेली माणसं, एका दुपारीत गायब. कुठेतरी राहू देत की."

या वर्षी आमचीच पाळी आली. नवऱ्याची बदली पुण्याला झाली. इराची परीक्षा संपली की निघायचं, आणि अंकल साइटवरून परतणार त्यानंतर. म्हणजे भेट नाहीच. इरा केजीत असल्यापासून आम्ही दोघं ऑफिसात, आणि शाळेच्या बसपाशी छत्री घेऊन उन्हात उभे ते अंकल. त्यांना मूलबाळ नाही. ही गोष्ट आमच्या घरात कुणी बोलून दाखवत नाही.

"बाय, यंदा तुझंच ठेवायचं. काय देतेस?" अंकलनी निघायच्या आधी इराला विचारलं.

"नथिंग," इरा म्हणाली. "आय ॲम नॉट डेड, अंकल."

मग अंकल रोज संध्याकाळी काहीतरी निमित्त काढून यायचे. कधी आंटींनी तळलेले मैद्याचे फुगे घेऊन, कधी नुसतेच. इरा ढिम्म. पोरगी अशीच रुसून निरोप घेणार, या धास्तीने माझाही जीव खालीवर होत होता.

ते निघाले त्या सकाळी लिफ्टचं दार मिटता मिटता इरा धावली आणि तिने त्यांच्या हातात आपला केजीतला बसचा बिल्ला कोंबला. कडेने लॅमिनेशन सुटलेलं, आत तिचा दोन शेंड्यांचा फोटो. अंकल काही बोलायच्या आत लिफ्ट खाली गेली.

आम्ही खोके बांधत होतो, तेव्हा बिल्डिंगच्या ग्रुपवर साइटचा फोटो आला. तटाचा पाया, शेजारी काळी-पांढरी मोजपट्टी आणि एक दिरहमचं नाणं. बिल्ला नाही.

इराने माझा फोन हिसकावून त्यांना लावला. "अंकल, व्हेअर इज माइन? डिड यू लूज इट?"

पलीकडे वारा घोंगावत होता. "नाय गं, बाय. खड्ड्यात उतरलो, ठेवलापण होता. मग ते माती टाकायला आले, तर मीच ओरडलो, रुको, रुको! प्रोफेसरबाईंना वाटलं, काय सापडलं की काय."

"सो?"

"सो काय? उचलला. फोटोत तू हसत होतीस. तुझ्यावर माती कशी टाकू गं मी? खिशात आहे."

इतके दिवस कोरड्या डोळ्यांनी वावरणारी इरा एका खोक्यावर बसली आणि हमसाहमशी रडायला लागली. पलीकडून अंकल ओरडून ओरडून विचारत होते, "बाय? हॅलो? लाइन गेली काय?"