दावं सोडून बघा

भोरला आमच्या शेजारी राहणाऱ्या गेनूअण्णांना पोटच्या पोराचा फोन आला, तरी ते आधी ओळख पटवून घेतात. मुलगा हैदराबादला कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. दर रविवारी संध्याकाळी त्याचा फोन येतो. अण्णा आमच्या दोन्ही घरांच्या सामाईक ओट्यावर बसतात, स्पीकर लावतात आणि दरडावून विचारतात, "कोण बोलतंय? वळख सांग. आपल्या कबऱ्या शेळीचं नाव काय?"

"रंभी. अहो अण्णा, मी विठ्ठल."

"तिचा कंचा कान फाटका हुता?"

"डावा."

"हां. बोल आता."

वर आम्हाला समजावतात, "हल्ली आवाज बी चोरत्यात बाई. सावध ऱ्हावं." मी शाळेत शिकवते म्हणून ते मला बाईच म्हणतात.

अण्णा वेल्ह्याच्या वरच्या अंगाला, डोंगरावरच्या वाडीत शेळ्यांमागं वाढले आणि पुढे एसटीत कंडक्टर झाले. अर्ध्या तिकिटाचं पोर दिसलं की त्याची आई म्हणायची, "लहान आहे हो." अण्णा तिच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. पोरालाच लाडानं विचारायचे, "बाळा, पाढे कुठवर येत्यात रं?" पोर छाती काढून सांगायचं, "अठरापर्यंत!" की फाडलंच पूर्ण तिकीट.

अण्णा निवृत्त झाले, पण संशय नोकरीतच राहिला. दुकानदारानं वाजवून दिलेला नारळ ते कधी घेत नाहीत, ढिगाच्या तळचा उपसतात. मागे डॉक्टर म्हणाले, तब्येत ठणठणीत आहे. तर अण्णा तडक दुसऱ्या डॉक्टरकडे. "येवडी चांगली कशी? ह्यात गोम हाय." हे त्यांचं पेटंट वाक्य. बायको गेल्यापासून ऐकायला घरात कुणी नाही, म्हणून ते आम्हाला ऐकवतात.

यंदा आमची मुक्ता बारावी झाली. तिला लहानपणापासून दगडांचं वेड. माझ्या माहेरी, विंझरला, कुणाची विहीर खणायला लागली की ही वर काढलेल्या दगडमातीच्या ढिगावर, राबिटावर, जाऊन बसणार आणि ओटीभर गारगोट्या घेऊन येणार. तिला भूशास्त्र शिकायचं होतं. तिचे बाबा वरव्याजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांचं म्हणणं, "दगड शिकून काय करशील? कॉम्प्युटर घे. नोकरी हातात." दोन आठवडे घरात रोज जेवणाच्या ताटावर भांडण. आणि एका सकाळी मुक्ता शांतपणे म्हणाली, "मी कॉम्प्युटरच घेते. त्यात स्कोप आहे."

यांनी लगेच पेढे आणले. मी शेजारी द्यायला गेले, मागोमाग मुक्ता पाया पडायला. अण्णांनी पेढा हुंगला आणि बशीत परत ठेवला.

"स्कोप म्हंजी?"

"म्हणजे नोकऱ्या, अण्णा."

"आन् तुझं दगूड?"

"टाकून देणार आहे."

"कवा?"

मुक्ता घाईनं पाया पडायला वाकली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, पोरगी येका झटक्यात व्हय म्हणली. ह्यात गोम हाय."

मला आधी रागच आला. पोरगी शहाण्यासारखी वागली, घर शांत झालं, आणि अण्णांना खुसपट काढायचंय! पण संशयाची लागण होते. मुक्ता हसली की हे हसू खरं की आपल्यासाठी, असं मी निरखायला लागले. तिच्या खोलीतले दगड जागच्या जागी होते आणि त्यांच्यावर धूळही नव्हती.

शेवटी अण्णांनी यांनाच गाठलं. "सायेब, बाजारात शेळी घेताना इकणाऱ्याचं कवा ऐकायचं न्हाई. तो म्हणतोय, माज्याच घरची हाय. आपण दावं सोडायचं आन् बाजूला हुबं ऱ्हायाचं. चोरीची आसंल तर ती भलत्याच वाटंला लागती."

"माझी पोरगी शेळी आहे का?" हे भडकले.

"शेळी बरी. ती बापाला बरं वाटावं म्हणून वाट बदलत न्हाई."

प्रवेश घ्यायचा सोमवारी होता. आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही विंझरला गेलो. अण्णा न बोलावता आले. माझ्या भावाचा मुलगा सागर कॉम्प्युटर इंजिनीअर, तोही पुण्याहून आला होता. यांनी त्याला मुक्तासमोर बसवलं आणि म्हणाले, "सांग हिला सगळं." सागर लॅपटॉप उघडून मनापासून सांगत होता. मुक्ताही मन लावून "हो ना, हो ना" करत होती. हे माझ्याकडे विजयानं बघत होते. अण्णा खांबाला टेकून डोळे मिटून होते, पण झोपले नव्हते.

मागच्या रानात भावाची नवी विहीर चालली होती. दगड वर ओढणारी यारी करकरली आणि दगडांची बादली धाडकन रिकामी झाली. सागर बोलतच होता. मुक्ता वाक्याच्या मध्यातच उठली आणि चप्पल न घालता निघाली.

आम्ही गेलो तेव्हा ती नव्या ड्रेसवर राबिटात फतकल मारून बसली होती. तिनं एक काळा दगड फोडला. आत सुयांसारख्या पांढऱ्याशुभ्र स्फटिकांचा झुबका. "अण्णा, बघा बघा! लाव्हाचा तापलेला रस थंड होताना आत बुडबुडा राहिला. मग त्यात पाणी झिरपत गेलं, आणि हे वाढलं. अंधारात, एकटंच. आपण पहिली माणसं हे बघणारी!" कितीतरी दिवसांनी तिचा हा आवाज ऐकला. मला रडूच आलं.

अण्णांनी दगड उन्हात धरला, हुंगला, जिभेनं चाटूनही पाहिला. "मीठ न्हाई," ते म्हणाले. मग यांच्याकडे वळले. "सुटलं बघा दावं."

यांनी वाकून विहिरीत पाहिलं. "पण अण्णा, नोकरी लागेल का हिला?"

"ती गोम हायेच. ती मला बी न्हाई उलगडली."

यांनी मुक्ताच्या हातातून तो दगड घेतला. "घरी नेताना कागदात गुंडाळ," म्हणाले. "सुया मोडतील." सोमवारचं उत्तर तिला कळलं. ती बापाच्या गळ्यातच पडली.

संध्याकाळी भोरला परतलो. अण्णा फोन घेऊन ओट्यावर बसले. मी चहा दिला आणि इतकी वर्षं मनात असलेलं विचारलं, "अण्णा, खरंच ओळखू येत नाही का हो विठ्ठलचा आवाज?"

"न ओळखायला काय झालं? नुस्ता हॅलो म्हणला तरी कळतंय."

"मग शेळीचं कशाला विचारता?"

त्यांनी चहाला हात लावला नाही. "त्याला गुरांचा डाक्टर व्हायचं हुतं बाई. म्या म्हणलं, जल्मभर शेणातच ऱ्हातूस का? कॉम्प्युटर घे. येका झटक्यात व्हय म्हणला. मला वाटलं, लई गुणाचं पोर. पेढे वाटले." त्यांनी फोन मांडीवर ठेवला. "आता फोनवर तो इचारतो, जेवलात का, गोळी घेतली का. आसं कुणी बी इचारतं. पण रंभीचं नाव काडलं का, माजा इठ्ठल बोलतो."

फोन वाजला. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि आवाज चढवला, "कोण बोलतंय? वळख सांग!"

मी घरात आले. ओट्यावरून विठ्ठलचा आवाज येत होता. रंभीनं एकदा शाळेच्या दप्तराचा पट्टा खाल्ला होता, ते तो सांगत होता. अण्णा म्हणाले, "हे तर कुणी बी सांगंल. आनखी सांग."