गोरक्ष आभाळेची आनंदाची बातमी

"दसऱ्याच्या आत माझा आवाज श्रीखंडाच्या जाहिरातीत लागतो की नाही बघा," गोरक्ष आभाळेने जेवता जेवता जाहीर करून टाकलं.

नव्याण्णव सालची ही गोष्ट. बायको माधुरी भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. आई रतनबाईंनी घास खाली ठेवला आणि पदर डोळ्यांना लावला.

"आई, चांगली बातमी सांगतोय मी."

"व्हय रं बाबा. पर तू बोललास का पोटात कालवतंच."

यात रतनबाईंची काही चूक नव्हती. आमच्या संगमनेरात कोणी वारलं की गावातून रिक्षा फिरते. टपावर भोंगा, आत माइक. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की..." पासून सुरुवात होते आणि अंत्ययात्रा कुठून, कधी निघणार ते सांगून संपतं. हा आवाज गोरक्षचा. तसा तो मुळात सिनेमाच्या आणि सेलच्या जाहिराती पुकारायला रिक्षात बसला होता. पण आधीचा पुकारणारा एक दिवस स्वतःच वारला, आणि त्याची बातमी पुकारायला माणूस मिळेना म्हणून गोरक्षच्या हातात माइक दिला. त्याने ती इतकी मन लावून पुकारली की मयताला ओळखत नव्हते ते लोकसुद्धा घाटावर जाऊन आले. झालं, तेव्हापासून तो शिक्का बसला. पुढे एका साडीवाल्याने हौसेने त्याच्याकडून सेल पुकारून घेतला, तर दुपारपर्यंत दुकानासमोर माणसं खाली माना घालून उभी. साडी एक खपली नाही.

गोरक्षला याचं फार वाईट वाटायचं. त्याने बाजारात "वांगी कशी दिली?" विचारलं तरी भाजीवाली दचकायची. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, आपला आवाज ऐकून कोणाचा तरी चेहरा खुललेला त्याला बघायचा होता. त्यासाठी तो वाटेल ते करायला तयार होता, आणि गोरक्ष एकदा तयार झाला की त्याला थांबवणं कोणाच्या बापाला जमत नाही.

वाट दाखवली तुषारने. स्टँडजवळ तुषारने नुकताच सायबर कॅफे काढला होता. दोन कॉम्प्युटर, एक पंखा आणि भिंतीवर 'इथे इंटरनेट मिळेल' अशी पाटी. त्याला इंटरनेटवर पुण्याच्या एका स्टुडिओचं पान सापडलं होतं. जाहिरातींसाठी आवाज पाहिजेत, घरबसल्या नमुना पाठवा, पसंत पडला तर बोलावू, असं त्यावर लिहिलेलं. वाचायला मजकूरही दिला होता: 'आज आमच्या घरी सगळे एकत्र जमले आहेत. कारण आज श्रीखंड आहे.'

"एवढंच? हे तर मी झोपेत म्हणीन," असं म्हणून गोरक्षने माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि सुरुवात केली.

तो म्हणाला शब्दन् शब्द बरोबर. पण 'सगळे एकत्र जमले आहेत' हे ऐकून शेजारच्या कॉम्प्युटरवरचे कॉलेजचे प्राध्यापक उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. श्रीखंडापर्यंत येता येता तुषारने पंखा बंद केला.

"गोरक्षभाऊ, शेवटी आवाज खाली जातोय तुमचा."

"मग जाणारच की. त्याच्यापुढं अंत्ययात्रेची वेळ असते."

"इथं पुढं काही नाही ना पण. श्रीखंडावर संपतंय."

दुसरा कोणी असता तर तिथंच माइक ठेवून घरी गेला असता. गोरक्षने चार दिवस रियाज केला. हसत बोलून पाहिलं, उभं राहून बोलून पाहिलं, तोंडात खडीसाखर धरून बोलून पाहिलं. माधुरी समोर बसून ऐकायची आणि शेवटी मान हलवून म्हणायची, "अहो, आता कसं जरा बरं वाटतंय. नुसतं आजारी असल्यागत वाटतंय." तेवढ्यानेही गोरक्षला हुरूप यायचा.

मग त्याच्या डोक्यात आलं की आपली खरी गोम जागेत आहे. आपला आवाज खुलतो रिक्षात. भोंग्यातून परत कानावर पडला तरच तो वळवता येतो. लगेच त्याने आपला रिक्षावाला श्रीमंत याला गाठलं, टेपरेकॉर्डर घेतला आणि सकाळी सकाळी दोघं प्रवरेच्या पलीकडच्या काठाला गेले. तिथं गवत आणि दोन म्हशी सोडल्या तर कोणी नव्हतं. म्हशी बुजतील म्हणून श्रीमंतने भोंग्याचं तोंड नदीकडे केलं. नदीच्या पल्याड गाव होतं, पण ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

तुषारने एक कानमंत्र दिला होता. डोळ्यांसमोर ओळखीचा, हसरा, खाऊन-पिऊन सुखी असा एक माणूस आणायचा आणि त्याच्याबद्दल बोलायचं. गोरक्षच्या डोळ्यांसमोर रंभाजी अण्णा घुले आले. अण्णा म्हणजे निवृत्त हेडमास्तर. निम्मं गाव त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालेलं. माणूस खुशालचेंडू, गोडाचा शौकीन. यापेक्षा चांगला माणूस कुठून आणायचा?

श्रीमंतने टेपचं बटण दाबलं. गोरक्षने डोळे मिटले, अण्णांना समोर आणलं, ओठांवर हसू आणलं आणि बोलला:

"आपल्या सर्वांचे लाडके रंभाजी अण्णा घुले आज सकाळी लवकर उठले. त्यांनी आंघोळ केली. देवाला नमस्कार केला. आणि आज त्यांच्या घरी सगळे एकत्र जमले आहेत. कारण आज श्रीखंड आहे."

"लई भारी, भाऊ," श्रीमंत म्हणाला आणि त्याने टोपी काढली. "परत एकदा म्हना."

गोरक्ष परत परत म्हणत राहिला. पाण्यावरून आवाज कसा लख्ख जातो! गावात शब्दन् शब्द पोचला. कोणी काही चुकीचं ऐकलं नाही, बरं का. सगळ्यांनी अगदी नीट ऐकलं, आणि सगळ्यांना नीट कळलं की अण्णा गेले.

"सकाळी उठले, आंघोळ केली, नमस्कार केला आणि गेले. पुण्यवान माणूस," दूधवाला म्हणाला.

"पण ते श्रीखंडाचं काय म्हणतोय?" न्हाव्याने विचारलं.

"शेवटची इच्छा असंल. अण्णांना लई आवडायचं."

ते ऐकून कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याला गहिवरून आलं. अण्णांनी त्याला चौथीत दोनदा बसवलं होतं, तरी त्याने श्रीखंडाचा डबा उचलला आणि अण्णांच्या घरची वाट धरली.

अण्णा ओट्यावर पेपर वाचत होते. बघतात तो गल्लीतून सगळे जुने विद्यार्थी रांगेने येतायत, जसे प्रार्थनेला यायचे तसे. पुढचा अण्णांना बघून थबकला, मागचे त्याच्यावर आदळले.

"काय रे, कोण गेलं?" अण्णांनी विचारलं.

आता हेडमास्तरांना तोंडावर 'तुम्ही' कसं म्हणायचं? शेवटी मिठाईवाल्याने डबा पुढे केला आणि म्हणाला, "सर, गोरक्षनं पुकारलंय."

अण्णांची बायको सुमनबाई पदर खोचून बाहेर आल्या. "जिता-जागता माणूस समोर बसलाय आणि तुम्ही काय रे आलात? जा घरी."

पण कोणी हलेना. अण्णा डोळ्यांना दिसत होते हे खरं, पण गोरक्षने पुकारलंय हेही खरं. दोन्हींत कशावर विश्वास ठेवावा ते लोकांना ठरवता येईना. अण्णांनी तेवढ्यात डबा उघडला होता.

इकडे गोरक्ष आणि श्रीमंत नमुना झकास झाला म्हणून खुशीत परत आले, ते सरळ त्या गर्दीत. अण्णांनी गोरक्षचा कान धरला. चाळिशीच्या माणसाचा भर रस्त्यात कान धरलेला बघूनही कोणी हसलं नाही, कारण वातावरणच तसं होतं.

"गाढवा, ज्या तोंडानं मारलंस त्याच तोंडानं जिवंत कर. आत्ताच्या आत्ता रिक्षा फिरव आणि सांग गावाला."

गोरक्षचा कान दुखत होता, पण त्याच्या मनात एकदम लख्ख उजेड पडला. आनंदाची बातमी! अख्ख्या गावात आपल्या तोंडून आनंदाची बातमी पुकारली जाणार. ज्यासाठी चार दिवस खडीसाखर चघळली ते असं चालून दारात आलं. तो टुणकन रिक्षात बसला. घाईत श्रीमंतचा हात लागून टेप परत सुरू झाला आणि मागच्या सीटवर सगळं टिपत फिरतच राहिला.

"कळविण्यास अत्यंत आनंद होतो की," गोरक्षने जीव ओतून सुरुवात केली, "संगमनेरचे माजी हेडमास्तर रंभाजी अण्णा घुले हे जिवंत आहेत. ते आपल्या राहत्या घरी आहेत. सर्वांनी नोंद घ्यावी."

रिक्षा पुढे जाईल तशी दुकानांची शटरं खाली यायला लागली. ज्यांनी नदीवरची बातमी ऐकली नव्हती ते आता घराबाहेर पडले. ज्यांनी ऐकली होती ते म्हणाले, "बघा, परत पुकारतोय. म्हणजे पक्कं." शाळेने सुट्टी दिली. गोरक्ष जितका आनंद घालायला जाई तितका त्याचा गळा दाटून येई, आणि त्याचा गळा दाटला की बायका खिडकीतून डोळे पुसत.

"भाऊ, तुमी थांबा आता," श्रीमंत म्हणाला. "आपण जितकं फिरतोय तितकं गाव रडतंय."

"नाही थांबणार. एक चौक राहिलाय."

तो चौक झाल्यावर रिक्षा अण्णांच्या गल्लीत परत आली तेव्हा तिथं पाय ठेवायला जागा नव्हती. अण्णा गर्दीतून वाट काढत आले, रिक्षात चढले आणि त्यांनी गोरक्षच्या हातातून माइक हिसकून घेतला. दुसऱ्या हातात श्रीखंडाचा डबा होता.

"ऐका रे मूर्खांनो! मी रंभाजी घुले बोलतोय. मी मेलो नाही. मी श्रीखंड खातोय. हे बघा, हा चमचा, हे तोंड. वा! वेलची कशी मस्त पडलीय. कोणाला अजून शंका असेल त्यानं पुढं यावं आणि एक घास खाऊन जावं, पण रडू नये. जिवंत माणसासमोर रडलेलं मला खपत नाही."

आधी कोणीतरी मागे फिसकन हसलं. मग गल्ली हसली, मग अण्णाच इतके हसले की माइकमध्ये ठसका गेला. गोरक्षही हसला, पण मनातून खट्टू झाला. जे आपल्याला इतक्या वर्षांत जमलं नाही ते या माणसाने एका चमच्यात करून दाखवलं.

घरी आल्यावर माधुरी म्हणाली, "आता सोडा तो नाद."

"सोडू? नमुना तयार आहे माझा," गोरक्ष म्हणाला, आणि कॅसेट घेऊन तुषारकडे गेला. तुषारने टेपला वायर लावून सगळं कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. कुठं कापायचं ते दोघांनाही कळेना म्हणून अख्खी बाजू पाठवायची ठरली. पाठवायला दिवस गेला, कारण वरच्या मजल्यावर तुषारच्या आईने फोन उचलला की लाइन तुटायची आणि पहिल्यापासून सुरू. गोरक्ष जिन्यावर राखण करत बसला आणि त्या माउलीला फोनकडे फिरकू दिलं नाही.

पुढच्या आठवड्यात उत्तर आलं. तुषार मनातल्या मनात वाचायला लागला.

"मोठ्यानं वाच की."

"निवड झाली म्हणतायत. टेपवर दोन आवाज आहेत. त्यातला दुसरा, ते खेकसत खेकसत श्रीखंड खाणारे गृहस्थ, त्यांना ताबडतोब पुण्याला पाठवा. असा आवाज त्यांना शोधून मिळत नव्हता."

"आणि पहिला?"

तुषारने खुर्ची जरा मागे घेतली. "पहिल्याबद्दल लिहिलंय की, रंभाजी अण्णांच्या दुःखात आमचा सगळा स्टुडिओ सहभागी आहे. कुटुंबीयांना कळवावे."

गोरक्षला आधी राग आला, पण त्याला अण्णांचा तो चमचा आठवला आणि राग टिकेना. बातमी चांगली होती. कोणाची का असेना, आणि ती पोचवायची होती.

या वेळी मात्र त्याने काळजी घेतली. अण्णांच्या दारात रिक्षा थांबली, पण उतरला श्रीमंत. त्याने आत जाऊन सगळं सांगितलं. गोरक्ष रिक्षात तोंडावर रुमाल धरून बसला. घरातून अण्णांचं हसणं ऐकू आलं, भांडं पडल्याचा आवाज आला, आणि सुमनबाई साखरेची वाटी घेऊन धावत बाहेर आल्या. चेहरा असा फुललेला की गोरक्षला बघतच राहावंसं वाटलं. त्यांनी त्याचा रुमाल ओढला आणि चिमूटभर साखर तोंडात घातली.

"तुझ्यामुळं झालं रे हे सगळं. आणि तू असा गप्प का? बोल की काहीतरी."

गोरक्षने मान हलवली. सुमनबाई ऐकेनात. शेवटी त्याने गल्ली रिकामी आहे ना ते दोन्हीकडे बघून घेतलं आणि हळूच, अगदी मनापासून म्हणाला, "काकू, मला फार आनंद झाला."

समोरच्या घराची खिडकी उघडली. शेजारी टोपी घालत बाहेर डोकावले आणि त्यांनी हलक्या आवाजात विचारलं, "किती वाजता निघायचं?"