वानखडे सरांची जिवंत भिंत

लग्नाच्या पंगतीत कांदा वाढला, की वानखडे सर आधी त्याचा पापुद्रा सोलून उजेडाकडे धरत. शेजारच्या पाहुण्याला सांगत, "पाहा, या पेशीच्या भिंती. मेलेल्या नाहीत बरं." पाहुणा हळूच आपलं पान सरकवून घेई.

मोताळा तालुक्यातल्या आमच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी. महाराष्ट्र राज्य नवं होतं, पुस्तक जुनं. पुस्तकात वनस्पतीच्या पेशीची भिंत निर्जीव होती. सरांच्या नागपूरच्या मित्रानं धाडलेल्या मासिकात मात्र त्या भिंतीत प्रथिनं सापडल्याचं लिहिलं होतं. तेव्हापासून सरांना दुसरा विषय उरला नाही. पेशी आत प्रथिनं बनवते, बारक्या थैल्यांत भरते, थैली कडेला जाऊन चिकटते, उघडते आणि माल बाहेर भिंतीत जातो. हे त्यांनी मला सांगितलं, न्हाव्याला सांगितलं, आणि मोटारीच्या कंडक्टरलाही, तो तिकीट फाडत असताना.

तपासणीला साहेब आले, त्या दिवशी सरांनी वर्गात पेशीच मांडली होती. भिंत म्हणून खुद्द हेडमास्तर देशमुख उभे. मुलं फुटाण्यांच्या पुड्या घेऊन धावत येत आणि त्यांच्या कोटाच्या खिशात रिकाम्या करत. साहेबांनी हे काय म्हणून विचारलं. हेडमास्तर गप्पच. भिंतीनं बोलायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं.

आठवड्यानं साहेबांचं पत्र आलं. पुस्तकाविरुद्ध शिकवणाऱ्या शिक्षकानं लेखी माफी मागावी, नाहीतर हेडमास्तरांवर ठपका.

सर वाकणारे नव्हते. याच भिंतीपायी त्यांनी सासऱ्याशी बोलणं सोडलं होतं. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं, की भिंत निर्जीव असते. मी चाटच पडलो. असं का केलं म्हणून विचारलं.

चष्मा पुसत म्हणाले, "म्या लिहून देल्यानं पेशी थोडीच थांबते? थे तिचं काम करूनच राह्यली. पन हेडमास्तर दोन महिन्यानं रिटायर होतात. इतक्या वर्षांत डाग नाही लागला त्याईले. आता माह्यापायी काऊन लागावा? माफी मनापासून नाही, हे त्याईले सांगू नोका."

निरोपाच्या भाषणात हेडमास्तर म्हणाले, "एका गोष्टीचं समाधान घेऊन चाललो. या वानखडेले शेवटी अक्कल आली."

सगळे हसले. टाळ्या थांबल्या, तरी वानखडे सर एकटेच वाजवत होते.